रबराची परीक्षा

वार्षिक क्रीडामहोत्सवांत एक मैलाची शर्यत सुरू झाली म्हणजे पहिल्या फेरींत सर्वांच्या पुढें धांवणारा मुलगा शेवटच्या फेरींत बहुधा कोठेंतरी मागें पडलेला दिसतो. प्रेक्षकांत बसलेल्या पालकांना हा अनुभव नवा नाहीं. त्या मुलाच्या पायांत वेग नव्हता असें कोण म्हणेल ? वेग होता, परंतु तो किती वेळ पुरवावयाचा याचा हिशेब चुकला. माणसाच्या बाबतींत ही गोष्ट आपणांस सहज पटते. न दमणाऱ्या यंत्राच्या बाबतींतहि असेंच घडतें, आणि जगांतील अत्यंत धनवान् व विद्यासंपन्न अशा एका संघास याच हिशेबानें कित्येक महिने रडविलें, ही हकीकत आमच्या विद्यार्थी वाचकांस मनोरंजक वाटेल अशा समजुतीनें आम्ही येथें देत आहों. हा संघ म्हणजे मर्सिडीज या जर्मन कंपनीचा मोटार-शर्यतींचा संघ होय, आणि हकीकत मुख्यतः इ. स. २०१३ मधील आहे.

प्रथम या शर्यतींविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. फॉर्म्युला वन या नांवाची जागतिक अजिंक्यपदाची मालिका इ. स. १९५० मध्यें सुरू झाली. निरनिराळ्या देशांत वर्षभर शर्यती होतात. प्रत्येक शर्यतींतील स्थानाप्रमाणें गुण मिळतात, आणि वर्षअखेर त्यांच्या बेरजेवरून श्रेष्ठ चालक व श्रेष्ठ संघ ठरतात. २०१३ सालीं अशा १९ शर्यती झाल्या. शर्यतीच्या आदल्या दिवशीं, म्हणजे बहुधा शनिवारीं, वेळेची परीक्षा असते. तींत ज्याची एक फेरी सर्वांत कमी वेळांत पुरी होते त्यास रविवारीं आरंभरेषेवर पहिली जागा मिळते. रविवारीं मात्र सुमारें ३०५ किलोमीटरांचा पल्ला गांठावयाचा असतो. वाटेंत इंधन भरण्यास २०१० सालापासून मनाई असल्यामुळें शर्यतीपुरतें सगळें इंधन आरंभींच टांकींत घेऊन निघावें लागतें. २०१३ सालच्या गाडीचें किमान वजन चालकासह ६४२ किलो होतें; त्यावर इंधनाचें सुमारें दीडशें किलो ओझें चढे. शनिवारची हलकी गाडी आणि रविवारची जड गाडी या जणूं दोन निराळ्या गाड्याच होत. वाचकांनीं हा फरक ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व अनर्थाचें मूळ यांतच आहे.

आतां रबराकडे वळूं. बैलगाडीच्या चाकास लोखंडी धांव असते. चाक झिजूं न देणें एवढेंच तिचें काम. गाडी ओढावयाची ती बैलांनीं, आपल्या खुरांच्या जोरावर. मोटारींत मात्र चाकच जमीन धरून गाडी पुढें ढकलतें, तेंच तिला वळवितें व तेंच थांबवितें. इंजिन कितीहि बलाढ्य असो, त्याचें बळ रस्त्यास पोंचतें तें केवळ चाकें टेकतात त्या ठिकाणीं, आणि तेथें जमिनीस लागलेला रबराचा तुकडा फार तर वहीच्या पानाएवढा असतो. हें रबर माणसाच्या उपयोगीं पडूं लागलें तें अमेरिकेंतील चार्ल्स गुडइयर याच्यामुळें. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट व हिवाळ्यांत ठिसूळ होतें. तें गंधकाबरोबर तापविलें असतां हा दोष जातो, हें त्यास १८३९ सालीं आढळून आलें. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं हवेनें भरलेल्या रबरी धांवेची युक्ति व्यवहारांत आणली. आज आपण टायर म्हणतों तो हाच.

घर्षण हें दोन पृष्ठभागांच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतें असा नियम पदार्थविज्ञानाच्या वर्गांत शिकवितात. विद्यार्थ्यांनीं तो परीक्षेंत अवश्य लिहावा. परंतु रबर तो नियम नीटसा पाळीत नाहीं. रबर मऊ असल्यामुळें डांबरांतील खडीच्या बारीक उंचवट्यांत तें रुतून बसतें, कांहीं अंशीं त्यांस चिकटतें, आणि चाक फिरूं लागलें म्हणजे त्याचा प्रत्येक कण दाबला जाऊन पुन्हां फुगतो. या दाबण्याफुगण्यांत कांहीं शक्ति खर्च होऊन तिची उष्णता बनते. आतां गंमत अशी कीं, ही उष्णता रबरास कांहीं मर्यादेपर्यंत हितकारकच असते. थंड रबर कठीण असतें व तें रस्ता धरीत नाहीं. शर्यतीचें रबर साधारणपणें शंभर अंश सेंटिग्रेडच्या आसपास तापलें म्हणजे उत्तम पकड देतें. याकरितां शर्यतीपूर्वीं टायरांवर विजेनें तापणाऱ्या गोधड्या घालून ठेवतात ! तापमान कमी असेल तर रबराचा पृष्ठभाग घसटून फाटतो व त्याच्या बारीक वळ्या निघतात. खोडरबरानें कागद जोरानें घांसला असतां निघतात तशाच त्या असतात. तापमान अधिक झालें तर रबर मऊ पडून त्याची पकडच सुटते, व फाजील उष्णता आंत कोंडली गेल्यास टायरावर फोडहि येतात. म्हणजे टायर निकामी होतो तो केवळ झिजल्यामुळें नव्हे. पुष्कळ रबर शिल्लक असतांनाहि तो उष्णतेनें मरतो.

२०११ सालापासून सर्व संघांना टायर पुरविण्याचें काम इटलींतील पिरेली या एकाच कंपनीकडे आलें. त्यापूर्वीं हें काम करणाऱ्या जपानी ब्रिजस्टोन कंपनीचे टायर इतके टिकाऊ होते कीं, बहुतेक शर्यतींत ते एकदांच बदलावे लागत, आणि प्रेक्षकांना जांभया येऊं लागल्या होत्या. २०१० सालीं कॅनडांतील शर्यतींत मात्र टायर लवकर खराब झाले व शर्यत मोठी रंगली. तेव्हां मुद्दाम लवकर खराब होणारे टायर बनवावेत असें पिरेलीस सांगण्यांत आलें. उत्तम माल बनविण्याची ज्याची हातोटी, त्यास नाशवंत माल बनवावयास सांगावें, हा प्रकार आम्हांस थोडा विचित्र वाटतो. पण एवढें खरें कीं, त्यामुळें शर्यत ही केवळ इंजिनांची न राहतां काटकसरीचीहि झाली.

मर्सिडीज कंपनीनें १९५४ व १९५५ या दोन वर्षांत अर्जेंटिनाचा थोर चालक हुआन मान्युएल फान्जिओ याच्याकरवीं अजिंक्यपद मिळवून शर्यतींतून अंग काढून घेतलें होतें. सुमारें ५४ वर्षांच्या खंडानंतर, २०१० सालीं, इंग्लंडांतील ब्रॅक्ली गांवचा ब्रॉन हा विजेता संघ विकत घेऊन ती पुन्हां मैदानांत उतरली. संघाचे मुख्य रॉस ब्रॉन हेच राहिले. इतकी सामुग्री असूनहि पहिल्या दोन वर्षांत एकहि विजय मिळाला नाहीं. २०१२ च्या एप्रिलांत शांघाय येथें निको रॉसबर्ग यानें पहिला विजय मिळविला, आणि सर्वांस वाटलें कीं, आतां दिवस पालटले. परंतु त्या सालीं तो विजय एकटाच राहिला. वर्षअखेर संघ पांचव्या क्रमांकावर होता.

२०१३ सालीं लुइस हॅमिल्टन हा रॉसबर्गचा जोडीदार म्हणून आला. नवी गाडी शनिवारच्या परीक्षेंत विलक्षण वेगवान् निघाली. चीन, बहारीन, स्पेन व मोनाको या लागोपाठच्या चार ठिकाणीं आरंभरेषेवरील पहिली जागा मर्सिडीजलाच मिळाली. पण रविवार उजाडला कीं शनिवारचें सोनें मातीमोल होई. बहारीन येथें रॉसबर्ग पहिल्या जागेवरून निघून नववा आला. स्पेनची हकीकत तर संघाच्या जिव्हारीं लागण्यासारखी होती. १२ मे रोजीं बार्सिलोनाजवळच्या मार्गावर पहिल्या दोन्ही जागांवर मर्सिडीजच्या गाड्या उभ्या होत्या. ६६ फेऱ्या संपल्या तेव्हां रॉसबर्ग विजेत्याच्या एका मिनिटाहून अधिक मागें, सहावा होता. आणि दुसऱ्या जागेवरून निघालेला हॅमिल्टन बारावा! विजेत्या आलोन्सोनें त्यास एक संपूर्ण फेरी मागें टाकलें होतें. आलोन्सोनें टायर चार वेळां बदलले, दुसरा आलेल्या रायकोनेननें तीन वेळां. रॉसबर्गनेंहि तीनच वेळां बदलले. तेव्हां दोष टायर बदलण्याच्या हिशेबाचा नव्हता. मधल्या काळांत ते टायर कसे नांदविले जात होते, दोष त्यांत होता.

असें कां व्हावें ? जी गाडी मागील टायर चटकन तापविते तिला एका फेरीच्या परीक्षेंत फायदाच होतो, कारण रबर लगेच इष्ट तापमानास येतें व फेरी संपतांच त्याचें काम संपतें. पण रविवारीं गाडी जड असते, आणि तेंच रबर पंधरा-वीस फेऱ्या टिकवावयाचें असतें. प्रत्येक वळणावर व वळणांतून बाहेर पडतांना इंजिनाचा सारा जोर मागील चाकांवर येतो. तापलेल्या ब्रेकांची आंच चाकाच्या धातूंतून टायरांतील हवेपर्यंत पोंचते. तापमानानें मर्यादा ओलांडली कीं पकड कमी होते. पकड कमी झाली कीं चाक किंचित् घसरतें. घसरलें कीं घर्षणानें आणखी तापतें. आणि आणखी तापलें कीं आणखी घसरतें. हें चक्र एकदां सुरू झालें म्हणजे चालकाच्या हातीं एकच उपाय उरतो, आणि तो म्हणजे हळू जाणें. शर्यतींत उतरलेल्या, जगांतील निवडक चालकास कानांतील यंत्रांतून हळू जाण्याविषयीं सूचना ऐकाव्या लागतात, आणि त्याच वेळीं एरवीं मागें राहणाऱ्या गाड्या त्याच्या डोळ्यांदेखत पुढें निघून जातात. त्याच्या मनाची अवस्था काय होत असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

यानंतर जें घडलें त्याविषयीं आजहि दोन मतें आहेत. ऋतु चालू असतां त्याच वर्षाच्या गाडीनें सराव करण्यास नियमानें बंदी होती, यासाठीं कीं, श्रीमंत संघांनीं रोज हजारों रुपयांचें इंधन जाळून गरीब संघांस मागें टाकूं नये. पिरेली कंपनीस मात्र आपले टायर तपासण्यासाठीं कांहीं मर्यादेंत चांचणी करण्याची मुभा होती. त्या वर्षीं तिच्या टायरांचा वरचा थर सुटून येण्याचे प्रकार घडल्यामुळें तिला चांचणीची गरजहि होती. १५ ते १७ मे या तीन दिवसांत, स्पेनची शर्यत झालेल्या त्याच मार्गावर, पिरेलीसाठीं मर्सिडीजनें सुमारें १००० किलोमीटर गाडी चालविली. गाडी २०१३ चीच, आणि चालक हॅमिल्टन व रॉसबर्ग. इतर संघांस याची वार्ता नव्हती. ती फुटली मोनाकोच्या शर्यतीच्या वेळीं, आणि रेड बुल व फेरारी या संघांनीं रीतसर तक्रार गुदरली.

त्याच रविवारीं, २६ मे रोजीं, रॉसबर्गनें मोनाको जिंकलें. तेथील रस्ते अरुंद, वळणें मंद, आणि पुढच्या गाडीस मागें टाकणें जवळजवळ अशक्य. तेव्हां आघाडीवर असलेल्यानें टायर जपत सावकाश जावें आणि मागच्यांनीं निमूटपणें त्याच्या मागें रांग धरावी, असाच त्या शर्यतीचा थाट होता. निकोचे वडील केके रॉसबर्ग यांनीं बरोबर तीस वर्षांपूर्वीं, १९८३ सालीं, हीच शर्यत जिंकली होती. पितापुत्रांचा असा योग मोनाकोंत पूर्वीं कधीं आला नव्हता. परंतु त्या दिवशीं या आनंदाच्या प्रसंगाविषयीं बोलणारे थोडे, आणि गुप्त चांचणीविषयीं बोलणारे फार.

२० जून रोजीं पॅरिस येथें न्यायमंडळापुढें सुनावणी झाली. नियामक मंडळाच्या अधिकाऱ्यांस आपण आधीं विचारलें होतें व त्यांनीं हरकत घेतली नव्हती, असें संघाचें म्हणणें होतें. दुसऱ्या दिवशीं निकाल लागला. कोणाचाहि हेतु दुष्ट नव्हता. तथापि नियमभंग झाला, आणि इतरांस न मिळालेली संधि मर्सिडीजला मिळाली, असें ठरलें. संघास व पिरेलीस ठपका देण्यांत आला, आणि जुलैमध्यें सिल्व्हरस्टोन येथें होणाऱ्या तीन दिवसांच्या सराव-चांचणींतून मर्सिडीजला वगळण्यांत आलें. पुष्कळांस ही शिक्षा फारच सौम्य वाटली. आमचें मत असें कीं, विचारून केलेल्या गोष्टीस कठोर शिक्षा देणें न्यायाचें झालें नसतें; परंतु इतर संघांस आधीं कळविलें असतें तर विचारण्याचाहि प्रसंग आला नसता. ज्या कामांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं तें काम चारचौघांत कां करूं नये, हा प्रश्न त्या सुनावणीनंतरहि शिल्लक राहतो.

पुढील प्रसंग भयंकर होता. ३० जून रोजीं सिल्व्हरस्टोनच्या ब्रिटिश शर्यतींत हॅमिल्टन आपल्या देशबांधवांसमोर आघाडीवर असतां आठव्या फेरींत त्याचा डावा मागील टायर भर वेगांत फुटला. मागोमाग मासा, व्हेर्न व पेरेझ यांच्याहि गाड्यांचे डावे मागील टायर फुटले, आणि रबराच्या चिंधड्या मागून येणाऱ्यांच्या तोंडावर उडाल्या. कोणासहि इजा झाली नाहीं ही ईश्वराची कृपाच म्हणावयाची. हॅमिल्टन शेवटच्या स्थानावरून पुन्हां चौथ्या स्थानापर्यंत चढला; शर्यत रॉसबर्गनें जिंकली. चौकशीअंतीं पिरेलीनें जीं कारणें दिलीं तीं विद्यार्थ्यांनीं मुद्दाम वाचण्यासारखीं आहेत. मागील टायरांची बांधणी डाव्याउजव्या बाजूंस निरनिराळी होती. अधिक फायदा व्हावा म्हणून संघ उजवा टायर डावीकडे व डावा उजवीकडे बसवीत. हवा सांगितल्याहून कमी भरीत. चाकें प्रमाणाबाहेर कलती ठेवीत. त्यांत त्या मार्गावरील वळणांच्या कडेचे उंच दगड. यांतील कोणतीहि एक गोष्ट टायरानें कदाचित् सोसली असती. सर्व एकत्र आल्यावर त्यानें हात टेकले.

यानंतर टायरांची बांधणी बदलणें प्राप्तच झालें. २०१३ च्या टायरांत आंतील पट्टा पोलादी होता. त्याऐवजीं पूर्वींप्रमाणें केव्हलार या चिवट कृत्रिम धाग्याचा पट्टा आला. हा बदल आधींच करावा असा पिरेलीचा विचार होता, पण लोटस, फेरारी व फोर्स इंडिया या संघांचा त्यास विरोध होता, कारण त्यांच्या गाड्या जुने टायर हळुवारपणें वापरीत. भारताचें नांव धारण करणारा फोर्स इंडिया संघ त्या वर्षाच्या पूर्वार्धांत चांगलाच पुढें होता. टायर बदलल्यावर उत्तरार्धांत त्याची पीछेहाट झाली. एकाच्या औषधानें दुसऱ्यास दुखणें यावें तसा हा प्रकार.

नवे टायर सिल्व्हरस्टोनच्या ज्या चांचणींत सर्वांनीं तपासले, तेथें मर्सिडीजला मज्जाव होता हें वर आलेंच आहे. म्हणजे २८ जुलै रोजीं हंगेरींतील शर्यतीस उतरतांना सर्व संघांत याच संघास त्या टायरांची सर्वांत कमी माहिती होती. त्यांतून त्या दिवशीं ऊन कडक. रबर तापण्यास याहून अनुकूल दिवस नाहीं. हॅमिल्टननें शनिवारीं पहिली जागा मिळविली तेव्हां स्वतः त्यासहि विजयाची आशा नव्हती. आणि नेमक्या त्याच रविवारीं त्यानें शर्यत जिंकली. मर्सिडीजच्या गाडींतून मिळविलेला त्याचा हा पहिला विजय. तीन महिने ज्या उष्णतेनें संघास छळलें ती ऐन उन्हांत कोठें गेली ? कांहीं श्रेय नव्या बांधणीचें, कांहीं ब्रॅक्लीच्या कारखान्यांत रात्रंदिवस चाललेल्या संशोधनाचें. मे महिन्यांतील हजार किलोमीटरांचा त्यांत वांटा किती, याविषयीं प्रतिस्पर्ध्यांनीं काय तें बोलून घेतलें.

हा बरा झालेला आजार पुरता मात्र बरा झाला नव्हता. हंगेरीनंतरच्या सर्व ९ शर्यती रेड बुलच्या व्हेटेलनें जिंकल्या. २७ ऑक्टोबर रोजीं दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथें त्यानें सलग चौथें अजिंक्यपद निश्चित केलें. त्या शर्यतींत मऊ टायर इतके अल्पजीवी ठरले कीं, पहिल्या जागेवरून निघालेल्या व्हेटेलनें ते दुसऱ्याच फेरीच्या अखेरीस काढून टाकले. तर लोटसचा ग्रोजाँ सतराव्या जागेवरून निघून, टायर एकदांच बदलून, तिसरा आला. दुसरा आला तो रॉसबर्ग. वर्षअखेर मर्सिडीजचे गुण ३६० झाले व फेरारीचे ३५४. सहा गुणांच्या फरकानें संघ दुसऱ्या क्रमांकावर राहिला. रॉस ब्रॉन यांनीं त्याच वेळीं संघ सोडला. पुढच्या वर्षीं इंजिनांचे नियम बदलले, आणि मर्सिडीजनें १९ पैकीं १६ शर्यती जिंकल्या. २०१४ ते २०२१ पर्यंत सलग आठ वेळां संघाचें अजिंक्यपद तिच्याकडेच राहिलें.

रबराशीं तिचा झगडा मात्र चालूच होता. २०१८ सालीं मागील चाकांतील उष्णता बाहेर पडावी म्हणून संघानें चाकांच्या बैठकींत बारीक भोंकें ठेविलीं. तीं नियमबाह्य नाहींत असें नियामक मंडळाच्या अधिकाऱ्यांनीं सांगितलें होतें. तरीहि फेरारीनें शंका काढतांच, अमेरिकेंत ऑस्टिन येथील शर्यतीपूर्वीं, संघानें तीं आपण होऊन बुजवून टाकलीं. त्या रविवारीं हॅमिल्टन पहिल्या जागेवरून निघाला आणि तिसरा आला.